माळ्यावरचं यंत्र

दहा वाजायच्या आत माळ्यावर एकशे अठरा.
जॉर्जियात, मेकनमध्ये, ऑगस्ट असाच असतो;
पेकनच्या झाडाखालची सावलीसुद्धा घामेजलेली.
टेरिल म्हणाला, उस्ताद, गाडीतून स्क्रू घेऊन येतो.
स्क्रू त्याच्या खिशातच होते.
मी बोललो नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात
मीही दिवसातून पाच वेळा स्क्रू आणायला जायचो.

जुनं यंत्र सव्वीस वर्षांचं.
तळाच्या पत्र्याची गंजून चाळण झालेली,
कॉइलवर लोकरीसारखी धूळ,
निचऱ्याच्या नळीत वाळलेला एक सरडा.
आजारी माणसाला उतरवावं तसं उतरवलं,
वळणावर थांबत,
धरलंस का?
धरलं.
खालून मिसेस ऑर्लीन बॅगवेल विचारत होत्या,
बर्फ घातलेला गोड चहा आणू का.

नवं बसवताना मी टेरिलला उपदेश करत नाही,
लेव्हल हातात देतो.
बुडबुडा मध्ये येईपर्यंत
रबराचे ठोकळे सरकवत राहा.
फुटाला पाव इंच उतार.
पाणी कुणाचं ऐकत नाही, उताराचं ऐकतं.
नळीला एक वाकण द्यायचं
आणि त्यात घोटभर पाणी कायम राहू द्यायचं,
नाहीतर पंखा नळीतूनच हवा ओढतो
आणि सगळं वर तुंबतं.

तांब्याला डाग देताना आतून नायट्रोजन सोडला.
तो नसला तर नळी आतून काळी पडते,
बाहेरून सांधा कितीही देखणा दिसो.
मग पंपानं हवा आणि ओल ओढून काढली,
आकडा पाचशेखाली आला, पंप बंद केला,
बसून राहिलो.
ही वीस मिनिटं मला सगळ्यांत आवडतात.
पोकळी टिकते का,
एवढंच पाहायचं असतं.

तारा: लाल, हिरवी, पिवळी, निळी, नारिंगी.
नारिंगी चुकली
तर गारवा मागणाऱ्याला ऊब मिळते.
एका पाद्र्याच्या घरी मी हे केलं होतं, जुलैत.
त्या रविवारी त्यांनी नरकावर प्रवचन दिलं.
लोक म्हणतात, फार जिवंत झालं.

अडीचला सुरू केलं.
पंखा फिरला, पण धाप लागल्यासारखा.
दाब मोजला. जास्त.
खोल्या बघत गेलो.
शेवटचीचं दार लोटलेलं,
छतातल्या जाळीवर पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर टेपचे चार थर.

वीज वाचते, त्या म्हणाल्या.
वाचत नाही, मॅडम. यंत्राचा जीव कोंडतो.
त्या माझ्याकडे नाही, पुठ्ठ्याकडे बघत होत्या.
"जानेवारीतसुद्धा खिडकी उघडी ठेवून झोपायचा."
कोण, ते सांगितलं नाही,
आणि मला मोजपट्टी नीट गुंडाळायचं काम सापडलं.

टेरिल स्टुलावर चढू लागला,
त्यांनी हातानं थांबवलं. स्वतः चढल्या.
मी स्टूल धरलं.
टेप निघताना रंगाचा पोपडा घेऊन आली.
आधी चादरीचा कोपरा हलला,
मग पडदा.
वर आवाज मऊ झाला.

पाच मिनिटं उष्णताही लावून पाहिली, भर ऑगस्टात.
जळका वास येईल, सांगून ठेवलं,
पट्ट्यांवरची धूळ असते,
नोव्हेंबरात पुन्हा येईल, घाबरू नका.
फिल्टरचा बाण यंत्राकडे.
तारीख मी पत्र्यावर मार्करनं लिहिली.

बाहेर भिंतीशी नळीतून थेंब पडू लागले.
हे पाणी कुठलं?
घरातल्या हवेतलं, म्हणालो.
श्वासाचं, भांड्यांचं,
आज थोडं टेरिलच्या घामाचं.
त्यांनी पायानं एक कुंडी सरकवून
बरोबर थेंबाखाली आणली.

गाडी सुरू केल्यावर टेरिलनं खिसे चाचपले.
स्क्रू माळ्यावरच राहिले होते.
राहू दे, मी म्हणालो,
पुढच्या माणसाला लागतील.